विनंती थांबा

त्या राज्यात वस्तू राहत असत. त्यांना हातपाय होते, नातीगोती होती, मानपान होते, आणि हातपाय असलेल्या कोणालाही असते तशी कुठे ना कुठे वेळेवर पोहोचायची घाईही होती. राज्याच्या मुख्य शहरात टेकडीवर ओळीने फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर प्रतिष्ठित मंडळी राहत. नदीपलीकडे बाजार, कचेऱ्या आणि दवाखाने होते. या दोहोंच्या मधल्या सखल जागेत भट्टीपट्टा पसरला होता, आणि तिथे काय चालते हे फळीवर कोणालाही ठाऊक नव्हते.

ठाऊक नसल्यामुळे कोणाचे काही अडलेले नव्हते. बाजाराचा रस्ता भट्टीपट्ट्यातूनच जात असल्यामुळे तो प्रत्येकाने रोज पाहिलेला होता, आणि जे रोज पाहतो त्याबद्दल विचारायचे काय, असा तिथला समज होता. बस भट्टीपट्ट्यातून जाई. भट्टीपट्ट्यात जात नसे. हा फरक फळीवरच्या चमच्यावाट्यांनाही बोलायला लागण्याआधी कळत असे.

बस चालवायला एक जुने जाते होते. अंगाने दगडी, स्वभावाने अबोल, आणि एकदा फिरायला लागले की फिरतच राहणारे. ज्याच्या नावातच जाणे आहे त्याला थांबणे जिवावर येणारच. वाहक होते चिमटे. ते सडपातळ आणि चटपटीत होते, आणि तिकिटापासून स्वतःच्या मतापर्यंत सगळे दोन टोकांत अलगद धरून समोरच्याला देत.

या बसने अलीकडे एक पेटी जाऊ-येऊ लागली होती. पत्र्याची, मध्यम बांध्याची, कोपरे नीट वळवलेले. पाहायला गेले तर तिच्यात काही खोट नव्हती. ती उघडत नव्हती, एवढेच. तिच्या पुढ्यात कुलूप बसवलेले होते आणि त्याची किल्ली नव्हती. हरवली म्हणावे, तर ती कधी होती असेही कोणाला आठवत नव्हते. उघडत नाही म्हटल्यावर फळीवर तिच्यात कोणी काही ठेवत नसे. पाहुणे जास्त आले आणि बसायला जागा कमी पडली की मात्र तिची आठवण होई, आणि कोणीतरी खुशाल तिच्या डोक्यावर बूड टेकी.

पेटीला त्याचे फारसे वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते वेगळ्याच गोष्टीचे. आपल्यात काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही, हे तिला आतून पोखरत असे. दुसऱ्या पेट्या सहज बोलून जात, “माझ्याकडे ना, लग्नातले शालू आहेत,” किंवा “माझ्यात नुसती रद्दी, बाई.” ही मात्र गप्प बसे. भरलेली असेन तर कशाने, आणि रिकामी असेन तर हे एवढे जड काय लागते, याचा तिला उलगडा होत नव्हता.

म्हणून ती नदीपलीकडे डॉक्टर करवत्यांकडे जाऊ लागली. कुलपांच्या दुखण्यात त्यांचे मोठे नाव होते. त्यांच्याकडे किल्ल्यांचा भला थोरला जुडगा होता. प्रत्येक खेपेला ते त्यातली एक किल्ली लावून पाहत, ‘हं’ म्हणत आणि दोन्ही बाजूंचे दात दाखवून सांगत, “थांबा.” त्यांची मदतनीस दारातच सांगे, “थांबा.” निघताना पुढच्या खेपेचे विचारले तरी उत्तर तेच. पेटीच्या कानांना त्या शब्दाची इतकी सवय झाली होती, की तो कोणी उच्चारला की ती जागच्या जागी अंग चोरून घेई.

जाण्यायेण्याचा हा सगळा वेळ ती खिडकीशी बसून काढी. स्वतःच्या आत पाहायची सोय नसल्यामुळे असेल, पण बाहेर पाहायची तिला विलक्षण ओढ होती. बस टेकडी उतरली की आधी वास येई, तापलेल्या लोखंडाचा आणि ओल्या कोळशाचा. मग दातेरी छपरांच्या लांबच लांब शेडी सुरू होत. त्यांच्या भिंती काजळीने अशा माखलेल्या असत की त्यांचा मूळ रंग कोणता हा प्रश्नच पडू नये. एका गटारातून रोज वेगळ्या रंगाचे पाणी वाहे, आणि आज कोणता रंग असेल याची पेटी मनाशी पैज लावी. कुठे उघड्या दारातून क्षणभर लाल रस ओतताना दिसे, कुठे कातलेल्या पितळेच्या कुरळ्या चुऱ्याचे ढीग उन्हात चमकत. चहाच्या टपरीवर काळवंडलेले हातोडे आणि सांडश्या पाय पसरून बसलेल्या असत. बस आली की मान वर करून पाहत आणि पुन्हा कपात तोंड घालत.

खिडकीची अडचण एवढीच होती, की तिच्यातून सगळे अर्धेच दिसे. एके दिवशी पेटीने एक घण वर जाताना पाहिला; तो खाली आलेला पाहायला तिला दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागली. तो कशावर आला हे तर तेव्हाही कळले नाही, कारण तोवर पुढची भिंत आली होती.

“इथं बनवतात तरी काय?” तिने एकदा न राहवून विचारले.

शेजारी किटलीवहिनी बसल्या होत्या. चिनी मातीच्या, अंगावर फुले रंगवलेली, तोटी ऐटदार, फक्त झाकण नव्हते. त्यामुळे त्यांच्या पोटातले सगळे तत्क्षणी वर येई, आणि दिवसभर तोंडाची वाफ दवडण्यात त्यांना जराही कष्ट पडत नसत. झाकण घालायची पद्धत जुन्या लोकांची, असे त्या सांगत.

“अगं, ढग,” किटलीवहिनी म्हणाल्या. “दिसत नाहीत का ती धुराडी? सबंध दिवस ढग करतात आणि सोडून देतात. मी तर आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, एवढे ढग करण्यापेक्षा थोडा पाऊस केला असता तर!”

“ढग नाहीत,” पुढच्या बाकावरून तागडेसाहेब म्हणाले. तागडेसाहेब म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभेतले तराजू. त्यांना एकच पारडे होते. त्यामुळे त्यांचा कल सदैव एका बाजूला असे, आणि कोणताही प्रश्न समोर आला की त्याचा निकाल ताबडतोब लागे. सभेत त्यांच्या या झटपट निर्णयाचे फार कौतुक होते. “तिथे आवाज बनवतात. कान देऊन ऐका. दिवसभर नुसता आवाज.”

“उशीर बनवतात,” चिमटे म्हणाले आणि तिकीट टोचले. “रोज तिथूनच मिळतो आपल्याला.”

सगळे हसले. पेटीही हसली, पण तिचे समाधान झाले नाही.

तिला सगळ्यांत जास्त कुतूहल होते ते रांगेचे. भट्टीपट्ट्याच्या मधोमध एक मोठे फाटक होते. फाटकाला कमान होती, पण खिडकीच्या चौकटीत कमानीचे दोन पायच तेवढे मावत; माथा कधी दिसलाच नाही. त्या फाटकाच्या बाजूला एक पाटी रोवलेली होती आणि पाटीखाली कायम एक रांग उभी असे. रांगेतली मंडळी नवी होती, घासूनपुसून तयार झालेली, काहींच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. त्यांच्यात दांडे होते, मुठी होत्या, कड्या होत्या, एक गोल, मधोमध फुगीर अशी बाई होती. एकही जण पुरी वस्तू वाटत नसे. बस जवळ आली की ते सारे चेहरे उजळून वर बघत, अदबीने एक पाऊल मागे सरत आणि हात जोडत. बस निघून गेली की पुन्हा एक पाऊल पुढे येत.

“हे कशाला उभे असतात?” पेटीने विचारले.

“हौस असते एकेकाला,” किटलीवहिनी म्हणाल्या. “बस बघायला येतात बिचारे. ती बघ, ती गोलमटोल बाई. रोज माझ्याकडे बघून हसते. डोक्यावर एक बोंड काय, खाली काठ काय! कोणाच्या उपयोगाची असेल, देव जाणे.”

तागडेसाहेबांनी मात्र मान वळवून पाटीकडे समाधानाने पाहिले. पाटी त्यांच्याच काळात लागली होती. झाले असे होते, की भट्टीपट्ट्यातल्यांसाठी बस थांबवावी अशी एक सूचना सभेपुढे आली होती. थांबवली तर फळीवरच्यांना उशीर होईल, न थांबवली तर आपण कठोर दिसू, असा पेच पडला. तेव्हा तागडेसाहेबांनी मार्ग काढला, की ज्याला हवी त्याने हात करावा, बस थांबेल. कोणी हात केला नाही तर तिने जावे. सभा खूश झाली. लगेच पाटी रंगवून घेतली, रोवली, नारळ फोडला. पाटीवर मोठ्या, सुबक अक्षरांत दोनच शब्द होते: विनंती थांबा. हात करायचा असतो हे काही त्यावर लिहिले नाही, कारण ते कोणाला सांगावे लागते हे फळीवर कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

“मागितलं की मिळतं,” तागडेसाहेब म्हणाले. “इतकी सोय केली. पण आजवर एकानेही हात केला नाही. त्यांना जायचंच नाही कुठे. सुखी लोक आहेत.”

कोणी हात करीत नाही यात सर्वांत सुखी कोणी असेल तर ते जाते होते.

असे दिवस चालले असता डॉक्टर करवत्यांच्या जुडग्यातल्या किल्ल्या संपल्या. शेवटची किल्ली फिरेना, तेव्हा त्यांनी ती काढून ठेवली आणि पहिल्यांदाच थांबा म्हटले नाही.

“आता एकच उपाय,” ते म्हणाले. “कापायचं.”

“कापल्यावर मी उघडेन?” पेटीने विचारले.

“उघडाल की! का नाही उघडणार?”

“आणि मग मिटेन?”

डॉक्टर करवते हसले. ते हसले की सगळे दात दिसत. “उघडायला आलात ना तुम्ही? मिटायचं काय काढलंत?” असे म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले.

त्या रात्री पेटीला झोप लागली नाही. उघडते आणि मिटते ती पेटी. नुसती उघडी राहिली तर तिला काय म्हणतात, हे तिने फळीवर दोघातिघांना विचारले. कोणाला शब्द सुचला नाही. भंगार हा शब्द सगळ्यांना माहीत होता, पण तोंडावर म्हणायला जरा संकोच वाटला असावा.

सकाळी ती नेहमीच्या जागी बसली. भीती वाटत होती, आणि ती लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही. किटलीवहिनींनी चार धीराचे शब्द सांगितले आणि मग आपल्या नणंदेची गोष्ट सुरू केली. टेकडी उतरली, वास आला. गटाराचे पाणी आज निळे होते. पेटीला मनातून वाटले, एवढे सगळे पाहिले आणि हे बनवतात काय ते न कळताच आपण संपणार. आपल्या आत काय आहे तेही नाही कळले आणि बाहेर काय आहे तेही नाही.

फाटकाशी रांग उभी होती. तिच्या शेपटाला आज एक नवे पारडे आले होते, झळझळीत पितळी, साखळ्या गळ्यात घातलेले. नवखे असल्यामुळे त्याला रीतभात ठाऊक नव्हती. बस दिसताच त्याने उतावळेपणाने सरळ हात वर केला.

जात्याने नाराजीने घरघर करून वेग कमी केला. तेवढ्यात रांगेच्या पुढून उभ्याउभ्या म्हातारा झालेला एक दांडा लगबगीने आला. त्याने पारड्याचा हात हळूच धरून खाली घेतला, समजावणीच्या सुरात काहीतरी सांगितले आणि पाटीकडे बोट दाखवले. पारड्याने पाटी वाचली, जीभ चावली, एक पाऊल मागे सरले आणि हात जोडले. हात खाली गेलेला पाहून जात्याने पुन्हा वेग धरला.

“पाहिलंत?” तागडेसाहेब म्हणाले. “स्वतःच नको म्हणतात.”

पण पेटीने पारड्याचे ओठ पाहिले होते. ते पाटी वाचताना पहिल्या शब्दाशी थबकले होते, मग दुसरा शब्द आला होता आणि त्या दुसऱ्या शब्दाला पारड्याने जागच्या जागी अंग चोरले होते. ते अंग चोरणे पेटीच्या ओळखीचे होते. तिने पाटी पुन्हा वाचली, डॉक्टर करवत्यांच्या दारात ऐकावी तशी. विनंती. थांबा.

“अगं बाई,” ती मोठ्याने म्हणाली. “ते थांबलेत!”

“दिसतंच आहे,” किटलीवहिनी म्हणाल्या.

“तसं नाही, वहिनी. त्यांना कोणीतरी थांबायला सांगितलंय. विनंती केलीय त्यांना!”

बसमध्ये डोक्यावरून एक दोरी गेलेली होती. ती ओढली की जात्याजवळची घंटी वाजे. भट्टीपट्ट्यात ती कधी कोणी ओढली नव्हती. पेटीने ती दोन्ही हातांनी धरली आणि लोंबकळलीच म्हणा ना.

घंटी वाजली. जाते इतके गडबडले, की थांबण्याआधी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेऊन बसले. प्रवासी एकमेकांवर आदळले. चिमटे धावत आले.

“इथं कोणी उतरत नाही, बाई!”

“मी उतरते.”

“पण का?”

“विचारायचंय त्यांना,” पेटी म्हणाली. “मला नाहीतरी तासाभरात कापणार आहेत. कापण्याआधी एक गोष्ट तरी पुरती पाहू द्या.”

चिमट्यांनी दार उघडले आणि काही गडबड होऊ नये म्हणून तेही तिच्यामागे उतरले. बस थांबलेली पाहून रांगेत कुजबुज झाली. सगळे आणखी एक पाऊल मागे सरले.

“तुम्ही बसला हात का करत नाही?” पेटीने म्हाताऱ्या दांड्याला विचारले.

दांडा ओशाळला. “आता एवढं आदबीनं लिवलंय म्हटल्यावर बाई, हात कसा करायचा? हुकूम असता तर मोडलाबी असता एखाद्यानं. पन विनंती हाय. कुनी आपल्याला विनंती करतंय का कधी? पैल्यांदाच केलीया.”

“अहो, तसं नाही ते!” चिमटे मध्ये पडले. “तो थांबा आहे!”

“व्हय. म्हनून तर थांबलोय.”

“तुम्ही नाही थांबायचं. बसने थांबायचं!”

दांड्याने पाटीकडे पाहिले, मग बसकडे पाहिले. “मग बसला सांगायचं की,” तो म्हणाला. “आमच्याकडं तोंड करून कशाला लिवलंय?”

चिमटे पाटीला वळसा घालून आले. पाटीचे तोंड खरोखरच रांगेकडे होते.

मग ती गोल फुगीर बाई मटकन खालीच बसली. “म्हंजी ती किटली रोज माझ्यासमोरनं जात व्हती,” ती म्हणाली, “आन् मी नुसती हसत ऱ्हायले?” तिला रडू आले. नव्या पारड्याला काय करावे कळेना. ते आपल्या साखळ्यांनी तिला वारा घालू लागले.

त्यांच्यात एक किल्ली होती. बारीक, लांब मानेची, फार उभे राहिल्याने जरा वाकलेली. तिची नजर पेटीच्या पुढ्यात खिळली होती. पेटीला ती नजर माहीत होती. अशा नजरेने तिला सगळेच पाहत. पण हिने नाक मुरडले नाही, की ‘अरेरे’ म्हटले नाही.

“ताई, तुमी कुनीकडं निघाला हुता?” किल्लीने विचारले.

“कापून घ्यायला.”

“का वो?”

“उघडत नाही मी. सगळ्या किल्ल्या लावून झाल्या.”

“सगळ्या न्हाई,” किल्ली म्हणाली, आणि बोलून गेल्यावर स्वतःच घाबरली. मग घाईघाईने सांगू लागली. तिची पेटी पुढे गेली होती. हिचे दात घासायचे बाकी होते, म्हणून हिला ठेवून घेतले. पेट्या भरलेली गाडी ताडपत्री टाकून टेकडीवर नेली. “धूळ बसू नये म्हनून ताडपत्री टाकत्यात. आतल्यांना काय दिसत न्हाई, कुठनं निघालो, कुठं चाललो. मला म्हनले, तू मागनं बसनं जा. मी आले सडकंला. बघते तर ही पाटी.”

पेटीने ऐकून घेतले. आशा करायची तिला भीती वाटत होती. जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीच्या वेळी तिने आशा केली होती, आणि ती दर वेळी कुलपात अडकून मोडल्यासारखी झाली होती.

“विचारू नये खरं,” किल्ली म्हणाली. “पन एक विनंती हाय.”

“करा,” पेटी म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

बसमध्ये आता कोणी जागेवर बसलेले नव्हते. रस्त्याकडच्या खिडक्यांना सगळे चिकटले होते. किटलीवहिनी नणंदेची गोष्ट सांगत सांगतच वाकून बघत होत्या. तागडेसाहेब एका बाजूला कललेले असल्यामुळे त्यांना सर्वांत चांगले दिसत होते, आणि ते मागच्यांना सांगत होते की हे सगळे नियमाला सोडून आहे.

किल्ली आत गेली. पेटीला ते टोचले नाही. थंड वाटले, मग गार राहिले नाही. किल्ली क्षणभर थांबली, श्वास घेतल्यासारखी, आणि फिरली. आतून एक बारीक, नीटस आवाज आला. पेटीने असा आवाज स्वतःचा म्हणून कधी ऐकला नव्हता.

“अगं,” किल्ली आतूनच म्हणाली, “तूच की गं!”

पेटीचे झाकण वर उचलले गेले. तिने डोळे उघडून पहिल्यांदा स्वतःच्या आत पाहिले. आत काही नव्हते. कोपऱ्यात पॅकिंगचे थोडे वाळके गवत होते, बाकी सगळी मोकळी, स्वच्छ, कोरी जागा होती. इतकी जागा आपल्यात आहे हे तिला माहीतच नव्हते. ती हसू लागली, आणि हसता हसता तिने झाकण मिटून पाहिले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. रांगेतले सगळे टाळ्या वाजवू लागले.

झाकणाच्या आतल्या बाजूला, मधोमध, काहीतरी ठोकलेले होते. एक वर्तुळ आणि त्यात आडवा घण. इतकी वर्षे बंद राहिल्याने ते काल ठोकल्यासारखे लख्ख होते.

“हे काय आहे?” पेटीने विचारले.

“ते व्हय? आमच्या भट्टीचं,” म्हातारा दांडा म्हणाला आणि त्याने मान वर करून फाटकाच्या कमानीकडे दाखवले. बसच्या खिडकीत कधीच न मावलेल्या त्या माथ्यावर तेच वर्तुळ होते आणि त्यात तोच आडवा घण होता, पेटीच्या दुप्पट आकाराचा. “हितनं जे जे भाईर जातंय त्याला मारत्यात. पेटीला आतनं मारत्यात. बाकीच्यांना खालनं, बुडाला. बसल्यावर दिसू नये म्हनून.”

तागडेसाहेब खिडकीतून आणखी बाहेर वाकले, पेटीच्या झाकणाकडे त्यांनी पाहिले, मग मान वळवून कमानीच्या माथ्याकडे पाहिले, आणि त्यांचे बोलणे अर्ध्यावर राहिले. किटलीवहिनींच्या नणंदेची गोष्टही मधेच तुटली. कोणी कोणाकडे पाहिले नाही. मग एका बाकावरून दुसऱ्या बाकापर्यंत, एकेकाचा हात, शेजाऱ्याला दिसणार नाही इतका हळूच, आपापल्या बुडाखाली चाचपत गेला.